माड, भरती आणि वीस बाजूंचा फासा: डंजन्स अँड ड्रॅगन्स पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. त्याला ठरलेला पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं आणि शेवटी कोणी जिंकत नाही की हरत नाही. एक जण डंजन मास्टर म्हणजे डीएम होतो. तो जग उभं करतो आणि त्या जगातल्या बाकी सगळ्यांच्या तोंडून बोलतो. उरलेले चार-पाच जण प्रत्येकी एक पात्र घेतात, ते काय करतंय ते सांगतात आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासा टाकतात.

नियम तसे अवघड नाहीत. नवखे अडतात ते नियम रोजच्या जगण्याशी जुळत नाहीत म्हणून. माडावरून पडलेला लढवय्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठणठणीत असतो. तांदळाची दोन पोती पाठीवर घेऊन तो दिवसभर चालतो. होडी भरती-ओहोटी न बघता एकाच वेगाने जाते. गुहागरला किंवा मालवणात वाढलेल्या माणसाला हे लगेच खटकतं, कारण ओझं, चढ आणि पाणी त्याला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. मग टेबलावर अर्धा तास वाद होतो आणि गोष्ट तिथेच राहते.

यावर एकच धोरण टिकतं. नियम जिथे स्पष्ट बोलतो तिथे तो पटला नाही तरी तसाच चालवायचा. नियम जिथे गप्प आहे तिथे आपल्याला ठाऊक असलेलं कोकण बिनधास्त वापरायचं. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांचे आहेत. २०२४च्या सुधारित पुस्तकांत त्यातल्या काही गोष्टी बदलल्या आहेत, तेव्हा एकाच टेबलावर दोन्हींची सरमिसळ करू नका.

पायरी १: सामान

पुस्तकं विकत घ्यायची घाई नको. ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१’ हा नियमांचा मूळ गाभा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. ४००च्या आसपास पानं आहेत. श्रेय दिलं की त्याचं मराठी भाषांतर करून वाटायलाही परवानगी आहे, म्हणून टेबलातल्या कोणीतरी दोन पानांचा मराठी गोषवारा जरूर करावा. पहिल्या दिवसासाठी डीएमने क्षमतांच्या चाचण्या, लढाई आणि विश्रांती एवढेच भाग वाचावेत. खेळाडूंनी आपापल्या क्लासची, म्हणजे पात्राच्या प्रकाराची, पानं वाचली तरी पुरे.

फाशांचा संच सात नगांचा असतो: ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचा एकेक, शिवाय ००, १०, २० असे दशक छापलेला आणखी एक दहा बाजूंचा. टेबलाला एक संच पुरतो, पण वीस बाजूंचा फासा प्रत्येकाजवळ असेल तर खेळ बराच झपाट्याने सरकतो. सारवलेल्या जमिनीवर किंवा चटईवर फासा नीट फिरत नाही, कडेवर अडतो. स्टीलची परात घ्या आणि तिच्यात टॉवेलची घडी पसरा. परातीबाहेर गेलेला किंवा तिरका थांबलेला फासा पुन्हा टाकायचा, हे आधीच ठरवा, नाहीतर ऐन मोक्याच्या क्षणी भांडण ठरलेलं. लाकडी फासे पावसाळ्यात फुगतात आणि धातूचे खाऱ्या हवेत काळवंडतात. ॲक्रिलिकचे किंवा रेझिनचे सगळ्यात बरे.

कागदाचं दुखणं वेगळंच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कागद दमट असतो, जेलपेनाची शाई पसरते आणि खोडरबराने पान फाटतं. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, पेन्सिलीने लिहा आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. हिट पॉइंट (मार सोसण्याची मर्यादा) सतत बदलतात, त्यामुळे शीटचा नेमका तोच कोपरा आधी फाटतो. ते वेगळ्या चिठ्ठीवर मांडा. नकाशाला गणिताची चौकटीची वही घ्या, एक चौकट म्हणजे ५ फूट.

घरात वडीलधारी मंडळी असतील तर खेळ सुरू होण्याआधी त्यांना सांगून टाका: काका, फासे आहेत, पण यात पैसे लागत नाहीत, ही गोष्ट रचायचा खेळ आहे. पडवीत पोरं फासे टाकताना दिसली की जुगाराची शंका येणं साहजिक आहे. एकदा बसून ऐकलं की बहुतेकांची ती जाते.

पायरी २: पात्र

सहा क्षमता असतात: स्ट्रेंथ म्हणजे ताकद, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा, इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, विज्डम म्हणजे शहाणपण आणि जाण, करिश्मा म्हणजे माणसांवर पडणारी छाप. त्यांत १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे आपल्या मर्जीने वाटायचे. प्रत्येक आकड्यातून १० वजा करा, २ने भागा आणि अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक घ्या. १५चे +२ होतात, ८चा −१ होतो. फाशात हाच आकडा, म्हणजे पात्राचा ‘फायदा’, मिळवायचा. ज्या कामात पात्र तरबेज आहे तिथे पहिल्या लेव्हलला, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या टप्प्यावर, आणखी +२.

चार जण असाल तर फायटर (लढवय्या), क्लेरिक (देवाच्या बळावर जखमा भरणारा), ‘रोग’ (लपतछपत काम करणारा चलाख) आणि विझर्ड (मांत्रिक) ही जोडणी घ्या. विझर्ड त्याच्याकडे द्या जो घरी जाऊन मंत्रांची पानं खरंच वाचेल. फायटर कोणालाही जमतो.

पायरी ३: फासा कधी टाकायचा नाही

नवख्या टेबलांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक हालचालीला फासा. याचं गणित एकदा समजून घ्या. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, ५ टक्के. सोप्या कामाची पातळी १० धरतात, मध्यम कामाची १५, अवघड कामाची २०. समजा, साध्या गावकऱ्याला कुठलाच फायदा नाही, म्हणजे +०. सोप्या कामासाठी त्याला १० किंवा त्याहून जास्त हवेत, शक्यता ५५ टक्के. म्हणजे ‘सोपं’ काम तो शंभरात ४५ वेळा बिघडवणार!

आता हेच रोजच्या जगण्याला लावून बघा. नारळ पाडणारा माणूस दिवसाला कितीतरी माडांवर चढतो. त्याने दर माडाला फासा टाकला तर संध्याकाळपर्यंत तो जिवंत राहणार नाही. तीच गत खाडीत होडी वल्हवणाऱ्याची, पाट्यावर वाटण वाटणाऱ्या आजीची आणि जांभा दगड तासणाऱ्याची. हा फासा कौशल्य मोजायला केलेलाच नाही. कौशल्य असूनही निकाल डळमळीत आहे, त्या क्षणासाठी तो आहे.

म्हणून फासा हातात घेण्याआधी डीएमने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे जमू शकतं का? फसू शकतं का? फसलं तर काही बिघडतं का? तिन्हींना ‘हो’ आलं तरच फासा. शांत खाडीत होडी: फासा नाही. वादळात, अंधारात, मागे समुद्री चाचे लागलेत आणि खडकांमधून होडी काढायचीय: पातळी १५. कोरड्या दिवशी किल्ल्याच्या पायऱ्या चढणं: फासा नाही. श्रावणात त्याच जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आलंय आणि पात्राला पळायचंय: पातळी १०, फसलं तर आपटलं. पडलेल्याला उठून उभं राहायला त्याच्या चालीचा अर्धा भाग खर्च होतो, आणि पाठलागात तेवढी शिक्षा भरपूर आहे.

आजूबाजूला काही दिसतंय का, हे दर खोलीत विचारू नका. त्यासाठी ‘पॅसिव्ह परसेप्शन’ आहे, म्हणजे १० अधिक पात्राचा त्या कौशल्याचा फायदा. चौघांचे आकडे डीएमने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत आणि गुपचूप ताडून बघावेत.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. फाशावर नुसते २० पडले की काहीही जमतं, असं बरीच टेबलं धरून चालतात. २०१४च्या नियमांत ते फक्त हल्ल्याला लागू आहे. कौशल्याच्या चाचणीत २० म्हणजे २० अधिक फायदा, एवढंच. तेवढ्याने राजा अर्धं राज्य देत नाही. फार तर हसून सोडून देतो.

पायरी ४: हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची मर्यादा

इथे नियम स्पष्ट बोलतो, म्हणून तो मोडू नका. दर १० फूट पडल्यास सहा बाजूंचा एक फासा इतकी इजा, जास्तीत जास्त २० फासे. ६० फुटी माडावरून पडलं तर सहा फासे, सरासरी २१.

पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे ७ हिट पॉइंट असतील तर सरासरी फटक्यातच तो जागेवर मरतो. शून्यावर आल्यावर उरलेली इजा पूर्ण हिट पॉइंटइतकी किंवा जास्त असली की वाचण्याची संधीही मिळत नाही. उलट पाचव्या लेव्हलच्या, +२ काटकपणाच्या फायटरकडे सरासरीने ४४ हिट पॉइंट असतात. सहाच्या सहा फाशांवर सहा पडले तरी इजा ३६, त्यामुळे तो ८ हिट पॉइंट राखून उठतो, अंग झटकतो आणि चालायला लागतो. रात्री आठ तासांची लांब विश्रांती मिळाली की सकाळी पुन्हा ४४.

जगात हाड मोडलं की आठवडेच्या आठवडे प्लास्टर. मग खेळ असा का? कारण हिट पॉइंट म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे. अंगाची सोसण्याची ताकद, मनाचा चिवटपणा, जगायची जिद्द आणि नशीब या सगळ्यांची ती बेरीज आहे, असं नियमच सांगतात. डीएमने वर्णन त्याच बेताने करावं. ‘तू साठ फूट खाली कातळावर आपटलास’ असं म्हटलं की सगळ्यांना पुढचा नियम खोटा वाटतो. ‘पडताना झावळीत हात अडकला, पोफळीला आदळलास, खाली पालापाचोळ्याचा ढीग होता’ असं सांगा. इजा तेवढीच, पण डोळ्यांसमोर पटेल असं चित्र उभं राहतं.

ज्यांना हे तरीही पटत नाही त्यांनी पडण्याचा नियम न बदलता विश्रांतीची जागा अवघड करावी. आठ तास सलग, सुरक्षित आणि कोरडी जागा हवी, असा घरचा नियम लावा. आषाढात जंगलात कोरडी जागा शोधणं हेच मग एक साहस होतं आणि कोणाला प्लास्टर घालावं लागत नाही.

शून्यावर आलेलं पात्र आपल्या प्रत्येक पाळीला फासा टाकतं. १० किंवा जास्त म्हणजे यश. आधी तीन यशं झाली तर स्थिर, आधी तीन अपयशं झाली तर मृत्यू. २० पडले तर एका हिट पॉइंटने उठतो, १ पडला तर दोन अपयशं धरतात. कोणी मदत केली नाही तरी वाचण्याची शक्यता साधारण ६० टक्के. खेळाडूंना हे आधी सांगा, नाहीतर पहिल्याच वेळी पात्र कोसळलं की चेहरे उतरतात.

पायरी ५: ओझं आणि नाणी

स्ट्रेंथ गुणिले १५ इतके पौंड ओझं पात्र वेग न घटता नेतं. १५ स्ट्रेंथ म्हणजे २२५ पौंड, सुमारे १०२ किलो, म्हणजे ५० किलोची दोन पोती. ढकलण्या-ओढण्याची मर्यादा याच्या दुप्पट. नियमांतच एक कडक पर्याय आहे: स्ट्रेंथच्या पाचपटीपुढे वेग १० फुटांनी घटतो, दहापटीपुढे २० फुटांनी, आणि मग अंगमेहनतीच्या चाचण्याही कठीण होतात. १५ स्ट्रेंथला ही पहिली मर्यादा ७५ पौंडांवर, म्हणजे ३४ किलोंवर येते. घाटाची वाट असेल तर हा पर्याय घ्या, गावातल्या गावात खेळ असेल तर वजनाचा हिशेबच ठेवू नका. मेणबत्त्या मोजत बसणं हा काही करमणुकीचा प्रकार नाही.

५० नाणी म्हणजे एक पौंड, त्यामुळे एक नाणं ९ ग्रॅमच्या आसपास, आपल्या १० रुपयांच्या नाण्याहून थोडं जड. १० तांब्याची म्हणजे एक चांदीचं, १० चांदीची म्हणजे एक सोन्याचं. साध्या मजुराची रोजची मजुरी चांदीची २ नाणी. जखम भरणारं औषध सोन्याची ५० नाणी, म्हणजे २५० दिवसांची मजुरी! पात्रं गुहेतून सोनं घेऊन गावात येतात आणि बांगड्याच्या वाट्याला सोन्याचं नाणं पुढे करतात. मासळी बाजारात ते मोडून कोण देणार? सुटे मिळत नाहीत, हे डीएमने एकदा खेळून दाखवावं. सावकार, खोत, देवस्थानाची पेटी अशी पात्रं त्यातूनच गोष्टीत येतात.

पायरी ६: वाट, खाडी आणि भरती

नियम सर्वात गप्प आहेत ते इथे, आणि कोकणातल्या टेबलाचं खरं भांडवलही इथेच आहे.

नियमांत दिवसाची चाल २४ मैल, सुमारे ३९ किलोमीटर: आठ तास, ताशी ३ मैल. अवघड जमिनीवर निम्मी. आठ तासांपुढे चालायचं तर दर तासाला काटकपणाची चाचणी, पहिल्या जादा तासाला पातळी ११, दुसऱ्याला १२, अशी चढत जाते, आणि फसलं की थकव्याची एक पायरी. सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, सपाट म्हणून पूर्ण चाल धरा, घाट आणि रान निम्म्या चालीने.

खाड्यांबद्दल मात्र एक ओळही नाही. किनारपट्टीचा खरा नकाशा उघडा. दाभोळहून समोर धोपावे दिसतं, जयगडहून तवसाळ, वेश्वीहून बागमांडला. तरीने (खाडीपार नेणाऱ्या होडीला ‘तर’ म्हणतात) काही मिनिटांचं काम, पण जमिनीने जायचं तर खाडीला वळसा घालत आत जावं लागतं. तुमच्या काल्पनिक राज्याच्या नकाशावर अशा तीन खाड्या काढा. प्रत्येक खाडीवर एक तर, एक तरवाला आणि तो संध्याकाळनंतर का येत नाही याचं एक कारण ठेवा. प्रवास म्हणजे ‘तीन दिवस गेले, पोहोचलात’ एवढंच राहणार नाही.

होड्यांचा वेग नियमांत ठरलेला आहे: वल्ह्यांची होडी ताशी दीड मैल, शिडाचं जहाज ताशी २ मैल. भरतीचा उल्लेख नाही. तिथे हा घरचा नियम चालवा. खाडीत प्रवाहाच्या बाजूने जाताना वेगात १ मैल मिळवा, उलट जाताना १ मैल वजा करा. वल्ह्यांची होडी खाडीतून चार मैल वर न्यायची आहे. भरती चढत असताना निघाली तर ताशी अडीच मैल, दीड तासाच्या थोडं वर लागतं. ओहोटीला निघाली तर ताशी अर्धा मैल, म्हणजे आठ तास. पण ओहोटी सहाएक तासच टिकते, म्हणजे मधेच पाणी फिरणार. इतक्या साध्या आकड्यावर टेबल पंधरा मिनिटं रंगतं: आत्ता निघायचं की पाणी फिरायची वाट बघायची, आणि वाट बघताना मागून येणाऱ्यांनी गाठलं तर?

भरतीची वेळ काढायला खेळातल्या दिनदर्शिकेत तिथी ठेवा. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणा, भरती पूर्ण होण्याची घड्याळी वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, दिवसातून दोनदा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. ओहोटीचा तळ त्यानंतर सहाएक तासांनी, आणि रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. खेळाला एवढं पुरतं. खरी होडी काढायची असेल तेव्हा छापील वेळापत्रकच बघा.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस प्रवाहाचा आकडा १ ऐवजी २ करा. दीड मैलाची होडी मग उलट दिशेला जाऊच शकत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असतो, तेव्हा अर्धा मैल पुरे. ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांत काठाला चिखल उघडा पडतो. होडी काठापर्यंत येत नाही, उतरून चालावं लागतं आणि चाल निम्मी होते. किल्ल्यावर छुपा हल्ला करायचा बेत असेल तर हे आकडे पात्रांना गुप्तहेरांच्या तोंडून आधी कळू द्या. सिंधुदुर्ग मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर उभा आहे. तसा पाण्यातला किल्ला नकाशावर ठेवला की तिथी बघूनच मोहीम आखावी लागते.

बुडण्याचा नियम मात्र स्पष्ट आहे, तसाच ठेवा. पात्र १ अधिक काटकपणाच्या फायद्याइतकी मिनिटं श्वास रोखतं, +२ असेल तर तीन मिनिटं. पोहण्याचा स्वतंत्र वेग नसलेल्या पात्राला पाण्याखाली तलवार चालवताना अडचण येते, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. खंजीर, आखूड तलवार, भाला आणि त्रिशूळ यांना ती अडचण नाही. पोहताना चाल निम्मी. खऱ्या समुद्राला यातलं काहीच लागू नाही, हे टेबलावरच्या लहान मुलांना एकदा ठासून सांगा.

पायरी ७: पाऊस आणि उजेड

मशाल एक तास जळते, २० फूट लख्ख आणि त्यापुढे २० फूट अंधुक उजेड देते. पण मुसळधार पावसात आणि जोराच्या वाऱ्यात उघडी ज्योत विझते, हे नियमांतही आहे. तसा पाऊस असला की बघण्याच्या आणि ऐकण्याच्या चाचण्याही अडचणीने होतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तसं राज्य रंगवणार असाल तर पात्रांना झाकणाचा कंदील घ्यायला लावा. तो एका बुधल्या तेलावर सहा तास चालतो आणि ३० फूट लख्ख उजेड देतो.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. खेळातल्या राज्यातही समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत बंद ठेवा. त्या काळात गोष्ट आपोआप घाटाकडे वळते आणि बंदरात अडकलेली जहाजं, पैसे संपलेले खलाशी, साठवलेलं सुकं यांतून कारस्थानं तयार होतात.

पायरी ८: पहिली लढाई

लढाईची एक फेरी म्हणजे सहा सेकंद. पाच फेऱ्यांची लढाई गोष्टीत अर्ध्या मिनिटाची, टेबलावर पाऊण ते एक तासाची. हे अंतर सगळ्यांना विचित्र वाटतं. कमी करायचं असेल तर आपली पाळी येण्याआधीच काय करायचं ते ठरवून ठेवा, हल्ल्याचा आणि इजेचा फासा एकदमच टाका.

शत्रू किती ठेवायचे, यात नवखे डीएम हमखास चुकतात. चार पात्रं, म्हणून चार गॉब्लिन (बुटके, दुष्ट राक्षस), हे बरोबरीचं वाटतं. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी नियमांच्या मोजमापात चार गॉब्लिन म्हणजे ‘जीवघेणी’ लढाई, तीन म्हणजे ‘अवघड’ आणि दोन ‘सोपी’ व ‘मध्यम’ यांच्यामध्ये. कारण साधं आहे. गॉब्लिनच्या हल्ल्याला +४ असतो आणि इजा सरासरी साडेपाच. सात हिट पॉइंटचा विझर्ड दोन वारांत आडवा. दोनपासून सुरू करा, आणि एक पडला की दुसऱ्याला पळू द्या. जगात कोणी शेवटच्या श्वासापर्यंत लढत नाही, आणि पळालेला गॉब्लिन पुढच्या वेळी तुम्हाला गोष्ट देतो.

पायरी ९: भुतं आणि राखणदार

मुंजा, हडळ, खवीस, चकवा ही सगळी मंडळी कोकणात खेळायला आपसूक येणारच, आणि यावीत. चकवा तर नियमांत सुरेख बसतो. रात्री रानातून जाताना वाटाड्याने विज्डमची, सर्व्हायव्हल कौशल्याची चाचणी द्यावी, पातळी १५. फसला की तासाभराने पुन्हा त्याच वडाखाली. तीनदा फसला की उजाडेपर्यंत सुटका नाही आणि रात्रीची विश्रांती गेली. इजा शून्य, पण टेबल गप्प होतं.

राखणदार आणि ग्रामदैवत यांची गोष्ट निराळी. आरवलीच्या वेतोबाला लोक आजही मोठाल्या वहाणा वाहतात. अशा श्रद्धास्थानाला हिट पॉइंट देऊन मारायला उभं करू नका. टेबलावरच्या एखाद्याचं ते कुलदैवत असतं, आणि आतल्या खोलीत आजी ऐकत असते. राखणदार हवाच असेल तर काल्पनिक गावाचा काल्पनिक राखणदार करा: लढता न येणारा, मान ठेवला तर वाट देणारा, वचन मोडलं तर अडवणारा. कोणाला भुतांचा विषय नको असेल तर तेही पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पायरी १०: बोलणं

दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान ठरतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं आणि बोलणं तिथल्या तिथे उभं राहतं. इथेही तसंच. पण सगळ्यांना ते जमलंच पाहिजे असं नाही. फायटर खेळणाऱ्याला आपण खरं पोतं उचलून दाखवायला सांगत नाही, तसं गोडबोल्या बार्ड (गाण्या-बोलण्याने भुरळ घालणारं पात्र) खेळणाऱ्या लाजऱ्या मुलीकडून भाषण मागू नका. ‘मी तरवाल्याला त्याच्या मुलाची आठवण करून देते आणि रात्री पलीकडे सोडायची विनंती करते,’ एवढं पुरे. काय हवंय आणि कशाच्या जोरावर मागताय, हे दोन्ही कळलं की डीएमला पातळी ठरवता येते. आणि मन वळवण्याचा फासा कितीही मोठा पडला तरी तो वशीकरणाचा मंत्र नव्हे. तरवाला उधाणात होडी काढणार नाही. फार तर पहाटे सगळ्यांच्या आधी तुम्हाला नेईल.

पायरी ११: वेळ आणि माणसं जुळवणं

पहिला डाव तीन तासांचा ठेवा: अर्धा तास ओळख आणि पात्रं, दोन तास गोष्ट, शेवटचा अर्धा तास आवराआवर आणि शंका. वीज गेली की फोनमधले नियम थोड्या वेळाने निरुपयोगी होतात. मराठी गोषवाऱ्याची छापील प्रत आणि बॅटरीचा कंदील हाताशी असू द्या.

चाकरमानी मित्र गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येणार, मधे महिनोन् महिने नाहीत. त्यांना धरून लांब मोहीम आखायची तर प्रत्येक डाव त्या दिवशीच संपेल असा ठेवा आणि सगळ्यांना सुरुवातीला व शेवटी एकाच बंदरात आणा. डाव संपला की दहा मिनिटं काढून वहीत लिहा: खेळातली तिथी, भरतीची वेळ, कोणाचे किती हिट पॉइंट, पैसे कोणाकडे, कोण कुठे. पानाचा फोटो ग्रुपवर टाका, कारण वही पावसाळ्यात टिकेलच असं नाही. जो आला नाही त्याचं पात्र तर चुकली म्हणून पलीकडच्या काठावर राहिलं असं समजा. त्याला लेव्हल मात्र इतरांबरोबरच वाढवून द्या. नाहीतर गणपतीला आलेला भाऊ दुसऱ्या लेव्हलवर आणि बाकीचे पाचव्या, अशी दरी पडते आणि एकच लढाई दोघांना बेताची ठेवणं डीएमला जमत नाही.